वहीतले सहाशे रुपये

गेल्या दिवाळीत माझा नातू पुण्याहून बेळगावास आला होता. दोन मित्रांच्या भागीदारीत त्याने नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे. कपड्यांच्या बॅगेहून त्याची पुस्तकांची पिशवी जड होती. सारी पुस्तके मोठमोठ्या उद्योजकांनी लिहिलेली किंवा त्यांच्यावर लिहिलेली: वाटाघाटी कशा कराव्यात, माणसे कशी सांभाळावीत, पुढारपण कसे करावे. भाऊबीजेच्या दुपारी जेवणे आटोपून मी झोपाळ्यावर टेकलो होतो, तेव्हा तो शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, समोरचा माणूस भाव पाडून मागतो, तेव्हा तुम्ही काय करत होता?"

चाळीसहून अधिक वर्षे ओतकामाचा कारखाना चालवलेल्या माणसापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार असावयास हवे. माझ्यापाशी ते नव्हते. मी माडीवर गेलो, जुन्या पेटीतून तांबड्या रंगाची एक लाकडी वस्तू काढली आणि त्याच्या पुढ्यात ठेवली. पंपाच्या कवचाचा तो पॅटर्न. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिडाची कोणतीही वस्तू ओतावयाची तर आधी तिचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते, तो साचा. आतून पोकळ वस्तू हवी असेल तर त्या साच्यात वाळूचाच वेगळा गाभा बसवतात. मग क्युपोलातून आलेला तांबडालाल रस त्यात ओततात. बीड थंड होताना फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच आक्रसते, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. हे सारे गणित लाकडात उतरवणारा तो पॅटर्न-मेस्त्री.

"हे काय आहे?" नातवाने विचारले.

"तुझ्या प्रश्नाचं उत्तर. पण जरा लांबून सुरुवात करावी लागेल."

आमचे अप्पा, म्हणजे त्याचे पणजोबा, मूळचे टर्नर. पुढे त्यांनी उद्यमबागेत लहानशी शेड घेऊन भट्टी घातली. शिक्षण बेताचे, पण घरात 'किर्लोस्कर' मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले असत, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या गोष्टी ते एखाद्या वडीलधाऱ्या नातलगाच्या सांगाव्यात तशा सांगत. बेळगावकरांना त्यात थोडा अधिकारही वाटतो. लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. १८८८ साली किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले तेही याच गावात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, तेथून सायकली पाठवीत, आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या येथे विकीत. नुसत्या विकीत नसत. घेणाऱ्यास चालवावयास शिकवीत. अप्पा म्हणत, "गिऱ्हाइकाला पैशाची भीती नव्हती, पडण्याची होती. रामूअण्णांनी ती भीती काढली."

नांगराची गोष्ट अप्पांच्या विशेष आवडीची होती. या शतकानुशतके लाकडी नांगर चालवणाऱ्या प्रदेशात किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर आणला, तेव्हा शेतकऱ्यांना वाटले की लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल. अशा माणसापुढे दोन रुपये कमी केले तर काय होणार? विष दोन रुपयांनी स्वस्त मिळाले तरी कोणी घेत नाही. नांगर प्रत्यक्ष शेतात चालताना आणि त्या शेतात पीक उभे राहिलेले दिसावे लागते. समोरचा माणूस 'परवडत नाही' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात निराळेच काही अडलेले असते, हे अप्पांनी या गोष्टीतून घेतले होते. मला मात्र ती तेव्हा केवळ गोष्ट वाटे.

आणि तिसरी गोष्ट १९१० सालची. नगराच्या विस्तारापायी बेळगावातील जागा सोडण्याची पाळी किर्लोस्करांवर आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी कामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा परिचय झालेला होता. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेथे राखणीला ठेवलेल्या माणसांत शिक्षा भोगून आलेलेही होते. ज्यांच्यापासून लोक दार लावून घेत, त्यांच्या हाती लक्ष्मणरावांनी दाराची राखण दिली. अप्पा म्हणत, "औंधचा सौदा औंधच्या वाड्यात झाला नाही. तो आधी केलेल्या कामात झाला. वाड्यात नुसती सही झाली."

आता माझी गोष्ट.

१९७९ साली अप्पांना छातीचा विकार झाला आणि कारखान्याचा कारभार माझ्याकडे आला. मी अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, एकोणतीस वर्षांचा, आणि अप्पा फार भोळेपणाने धंदा करतात अशी खात्री बाळगणारा. दक्षिणेकडील एका मोठ्या शहरातील पंप तयार करणारा कारखाना आमचे मुख्य गिऱ्हाईक. आमच्या एकूण कामाच्या निम्म्याहून अधिक माल तेथे जाई. त्या वर्षी त्यांनी नव्या जातीच्या पंपाचे काम दिले. त्यासाठी सहा पॅटर्न हवे होते. पॅटर्नसाठी गिऱ्हाइकाकडून ठरावीक रक्कम मिळे. तेव्हा मेस्त्रींकडे जेवढे कमी होईल तेवढे आपले, हा माझा हिशोब.

मेस्त्री शहापुरात राहत. घराच्या पडवीतच त्यांचे काम चाले. पंधरा वर्षे आमचे सारे पॅटर्न त्यांनीच केलेले. त्यांनी सहांचे मिळून चोवीसशे रुपये सांगितले. मी हसून म्हटले, "मेस्त्री, भाव फार झाला." ते बावीसशेवर आले. मी पुन्हा नकार दिला. ते दोन हजारांवर आले. मग मी राखून ठेवलेला हुकमी पत्ता टाकला. "दुसरा एक जण अठराशेत करून देतोय." खरे म्हणजे असा कोणी नव्हता. मेस्त्रींनी हातातली कपबशी खाली ठेवली. म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, धाकटे मालक."

संध्याकाळी घरी येऊन मी अप्पांना ऐटीत सांगितले, "सहाशे रुपये वाचवले." अप्पा उशीला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, "मेस्त्रींनी चहा पुरा घेतला का?"

मला आठवले, कप अर्धा तसाच राहिला होता. हा काय प्रश्न, असे तेव्हा वाटले. अप्पांनी उशाशी असलेली वही उघडून काहीतरी लिहिले आणि ते गप्प राहिले.

पॅटर्न ठरल्या दिवशी आले. लाकूड चांगले, काम स्वच्छ, मापे नकाशाबरहुकूम. पहिला माल ओतून आम्ही लॉरीने रवाना केला. तीन आठवड्यांनी तार आली. शंभरांतील चाळीस नग नापास. यंत्रावर कापताना कवचाची भिंत एका बाजूस जाड आणि दुसऱ्या बाजूस पातळ निघत होती. म्हणजे रस ओतताना आतला गाभा सरकला होता. पाठोपाठ खरेदी-अधिकाऱ्यांचे पत्र आले: भावात बारा टक्के कपात करावी, अन्यथा काम अन्यत्र देण्याचा विचार करावा लागेल.

त्या वर्षी कोक मिळवणे जिकिरीचे झाले होते, त्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसे. बारा टक्के कमी करून पदरात काही उरत नव्हते. काम गेले तर चौतीस माणसांचा शनिवारचा पगार कोठून द्यावयाचा हे समजत नव्हते. आईने न सांगता आपल्या पाटल्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी त्या गहाण ठेवल्या, हे लिहिताना आजही हात अडखळतो.

त्या रात्री मी अप्पांपुढे नकाशे मांडून मेस्त्रींनी दगा दिला असे म्हणू लागलो. अप्पांनी पॅटर्न हातात घेतला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "नकाशात आहे तसाच आहे. दगा कसला? उद्या मला नेऊ नकोस. तू एकटा जा शहापूरला."

मी गेलो. मेस्त्री रंधा मारत होते. मी सारे सांगितले. त्यांनी पॅटर्न न पाहताच म्हटले, "गाभ्याची बैठक आखूड आहे. नकाशातच आखूड आहे. एवढा जड गाभा तिथं टिकायचा नाही, हे मला करतानाच दिसलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

त्यांनी रंधा बाजूला ठेवला. आवाजात राग नव्हता. "धाकटे मालक, पैसे कमी केलात त्याचं काही नाही. धंद्यात कमी-जास्त चालतंच. पण तुम्ही म्हणालात, दुसरा अठराशेत करतोय. मग मला वाटलं, आपणही दुसऱ्याइतकंच करावं."

पंधरा वर्षांत हा मनुष्य प्रत्येक नव्या पॅटर्नच्या पहिल्या ओतीला भट्टीपाशी येऊन उभा राहत असे. नकाशातील चूक दाखवी, कडेचा उतार वाढवून देई, ओताऱ्याशी बोलून गाभ्याचे बसणे तपासून घेई. या कशाचेही पैसे त्याने कधी मागितले नव्हते, म्हणून माझ्या हिशोबात ते कधी आलेच नव्हते. सहाशे रुपये वाचवताना मी हेच सारे परत करून टाकले होते. मी म्हटले, "मेस्त्री, माझं चुकलं. आणि दुसरा कोणी नव्हताच. मी खोटं बोललो."

"ते ठाऊक होतं," ते म्हणाले. "शहापुरात कोण किती घेतो ते मला कळत नाही होय?" मी सहाशे रुपयांचे नाव काढताच त्यांनी हात हलवला. "राहू दे, मग बघू." त्याच दुपारी ते कारखान्यात आले. नव्या बैठकी चढवून दोन दिवसांत सारे पॅटर्न दुरुस्त झाले. पुढच्या शंभरांत नापास नग सहा निघाले.

तरीही पत्र उभेच होते. प्रकृती बरी नसताना अप्पा माझ्यासोबत रात्रीच्या गाडीने निघाले. मी रात्रभर मनात मुद्दे घोळवत होतो: कोकचा भाव, विजेची कपात, आमची पंधरा वर्षांची सेवा. खरेदी-अधिकाऱ्यांच्या खोलीत बसताच अप्पांनी यांपैकी एकही मुद्दा काढला नाही. त्यांनी विचारले, "साहेब, आमच्या मालामुळं तुमचं नेमकं काय अडलं ते सांगा." आणि ते अर्धा तास ऐकत राहिले.

त्या अर्ध्या तासात जे कळले ते पत्रात नव्हते. भाव ही त्या कारखान्याची खरी अडचण नव्हती. नापास नग यंत्रावर चढवल्यानंतर कळे, तोवर कारागिराचे श्रम वाया गेलेले असत आणि पुढची सारी जुळणी खोळंबे. बारा टक्के हा आकडा वरिष्ठांनी सर्वच पुरवठादारांसाठी काढलेला होता. अधिकाऱ्यांना वर काहीतरी दाखवणे भाग होते. नांगराची गोष्ट मला तेथे, त्या खुर्चीवर, पहिल्यांदा समजली.

मग अप्पांनी वही उघडली. भावात पाच टक्के कमी करू. माल पाठवण्यापूर्वी प्रत्येक कवचाची जाडी आम्हीच मोजू. त्याऐवजी पैसे नव्वद दिवसांऐवजी तीस दिवसांत मिळावेत, तीन महिन्यांच्या मागणीचा अंदाज आगाऊ कळावा आणि नापास नग तुमच्या अंगणात न ठेवता आमच्या परतीच्या लॉरीत घालावेत. शेवटची मागणी अधिकाऱ्यांना चमत्कारिक वाटली. अप्पांनी समजावले की बीड पुन्हा वितळवता येते. नापास नग परत मिळाला तर आमची मजुरी आणि कोक जातो, धातू जात नाही. तुमच्याकडे तो नुसता गंजत पडतो. अशा रीतीने एकास काहीही न गमावता दुसऱ्यास देता येण्याजोग्या गोष्टी दोन्हीकडे असतात; पण भावाच्या एकाच आकड्यावर ओढाताण सुरू झाली की त्या कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

अधिकारी बारावरून हलेनात. अप्पांनी वही मिटली आणि शांतपणे म्हणाले, "मग हे काम आमच्याच्यानं व्हायचं नाही, साहेब. बारा टक्के कमी करायचे तर मला धातूत किंवा माणसांत काटकसर करावी लागेल, आणि ती पुढं तुमच्याच पंपात निघेल. तीन महिने आहे त्या भावानं माल देतो, तोवर तुम्ही दुसरा बघा. पॅटर्न तुमच्या पैशानं झालेत, तेही नीट करून पाठवतो." नमस्कार करून आम्ही बाहेर पडलो. जिन्यात माझे पाय लटपटत होते. मी म्हटले, "अप्पा, हे खरंच गेलं तर?" ते म्हणाले, "तर गेलं. खोटं उठून येण्यात काही अर्थ नसतो. तू मेस्त्रींपुढं तेच केलं होतंस."

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी भट्टीपाशी सर्वांना जमवले आणि आधी मराठीत, मग कानडीत सारी परिस्थिती सांगितली. काम निम्मे होण्याचा संभव आहे. तसे झाले तर काही महिने आठवड्याचे चारच दिवस भट्टी चालेल. कोणालाही काढणार नाही. आणि कपात होईल ती पहिल्याने आमच्या घरखर्चात होईल. मला वाटत होते की हे सांगताच चांगले ओतारी दुसरीकडे पळतील. दोघे गेलेही. बत्तीस राहिले. त्यांतील एकाने गुऱ्हाळांच्या चरकाचे सुटे भाग ओतण्याचे काम आपल्या गावाकडून आणून दिले. लहानच काम, पण रोख पैशाचे.

अकरा दिवसांनी पत्र आले: सात टक्के कपात, पंचेचाळीस दिवसांत पैसे, नापास माल परत. अप्पांनी ते मान्य केले. ही काही विजयाची कथा नव्हे. पुढली दोन वर्षे कारखान्यात नफा असा झाला नाही, आणि धाकट्या बहिणीचे लग्न एक वर्ष पुढे ढकलावे लागले. तिने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, म्हणून मीच येथे लिहून ठेवतो. आईच्या पाटल्या मात्र दीड वर्षाने सोडवून आणल्या.

नातू ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे आजोबा, माझ्या पुस्तकांतही हेच आहे. आधी ऐका, उठून जायची तयारी ठेवा, भावाशिवाय आणखी काय देता-घेता येईल ते बघा."

"असेल. पुस्तकं खोटी नसतात," मी म्हटले. "पण ती यश मिळाल्यावर लिहिलेली असतात, एवढं ध्यानात ठेव. अप्पांसारखंच वागून ज्यांचं काम खरोखर गेलं, त्यांचं पुस्तक निघत नाही. त्या अकरा दिवसांत आपण बरोबर वागलो की चूक, ते आम्हांलाही माहीत नव्हतं. पत्र आलं नसतं तरी अप्पा तसेच वागले असते, एवढंच मी खात्रीनं सांगू शकतो."

बाहेरगावी स्थायिक झालेल्या आपल्या मराठी घरांत धंद्याविषयी एक संकोच असतो. घासाघीस करणे कमीपणाचे वाटते, म्हणून एक तर आपण मुकाट्याने सोसतो, नाहीतर माझ्यासारखे एकदम कठोर होऊन आपल्याच माणसावर पहिला वार करतो. बलवानापुढे नमणारा आणि दुबळ्यापुढे ताणणारा असा व्यवहार मी त्या एका वर्षात केला. मोठ्या गिऱ्हाइकाशी कसे बोलावे हे मला अप्पांनी शिकवले खरे. परंतु ते शिकण्याची लायकी शहापूरच्या त्या पडवीत आली, असे मला आता वाटते.

"आणि ते सहाशे रुपये?" नातवाने विचारले. "मेस्त्रींना दिलेत की नाही?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. दिले नव्हते. पुढच्या प्रत्येक कामाला मेस्त्रींनी सांगितलेला भाव मी एका शब्दाने कमी केला नाही. पण ते सहाशे मात्र तसेच राहिले. आरंभी पैशाची चणचण होती, मग विषय काढण्याची लाज वाटू लागली. १९८३ साली अप्पा गेले. तेराव्यानंतर त्यांच्या उशाशी असलेली वही मी चाळली, तेव्हा १९७९ च्या एका पानावर देण्यांच्या बाजूस त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले आढळले: 'मेस्त्री, शहापूर. रु. ६००.' पुढच्या प्रत्येक वर्षी ती रक्कम त्यांनी नव्या पानावर ओढून घेतली होती. मला एकदाही बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पैसे घेऊन शहापुरास गेलो आणि वही मेस्त्रींपुढे उघडून धरली. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले. या वेळी नको म्हणाले नाहीत. नोटा मोजून कोनाड्यात ठेवल्या, आत वळून सुनेला चहा टाकावयास सांगितले, आणि मला म्हणाले, "बसा. अप्पांच्या हिशोबात कधी चूक व्हायची नाही."

नातू थोडा वेळ पॅटर्न हातात घेऊन बसला. मग फोन घेऊन गच्चीवर गेला. त्यांच्या मालाची खोकी पुरवणारा कोणी एक लहान कारखानदार आहे, त्याच्याशी बोलत होता असे वाटले. मी विचारले नाही. बराच वेळ वर होता. खाली आला तोवर त्याच्या आजीने केलेला चहा निवून गेला होता. तो पुन्हा गरम करून घेतला.